पाठीवरचं चित्र

कोल्हापुरातून पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या दिशेनं निघालं, की सांगली फाटा आणि शिरोली पुलाची हे गाव लागतं आणि पुढं महामार्गाला लागूनच शिरोली एमआयडीसी. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतून इंजिनांचे, पंपांचे, गाड्यांचे भाग घडवणाऱ्या फाउंड्र्या हे या वसाहतीचं मुख्य बळ. वाळू, भंगार, कच्चं लोखंड आत येतं ते ट्रकनं आणि तयार कास्टिंग बाहेर पडतं तेही ट्रकनंच. त्यामुळं कारखान्यांच्या आधारानं रस्त्याकडेला आणखी एक संसार उभा राहिला. टायरवाले, वेल्डर, कमानपाट्यांची कामं करणारे, ट्रकचा हौदा बांधणारे आणि पेंटर.

यातल्या पेंटरकडं गाडी येते ती बहुधा पासिंगच्या आधी. आरटीओची तपासणी जवळ आली की मालक डागडुजी काढतो, आणि डागडुजीत रंग आलाच. जुने पोपडे खरवडायचे, खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं भरायचे, पॉलिश पेपर मारून अस्तर द्यायचं, मग हौद्याचा मूळ रंग. तो सुकला की खडू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधून टिचकी मारायची. सरळ रेघ उमटते, तिच्यावर अक्षरं बसतात. फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर, मधोमध चित्र. गरुड काढायचा असेल तर आधी पंखांचा सपाट तपकिरी रंग. तो ओला असतानाच कडेनं गडद, आतून फिकट, आणि कोरड्या ब्रशनं दोन्ही एकमेकांत मिसळायचे. हात हलू नये म्हणून डाव्या हातात एक काठी आडवी धरलेली असते, उजवं मनगट तिच्यावर टेकलेलं. डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. तो पडेपर्यंत गरुडात जीव येत नाही.

माल पोचवायला गरुडाची गरज नसते. फाळक्यावर नुसता रंग असला तरी गाडी तेवढ्याच वेगानं धावते. तरीही पिढ्यान् पिढ्या ट्रकमालकांनी खिशातले पैसे मोजून आपल्या गाडीच्या पाठीवर चित्र काढून घेतलं. यामागं काय आहे ते समजून घ्यायचं तर शिरोलीपासून बरंच दूर जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या पाठीकडं पाहावं लागतं.

अमेरिकेच्या लष्करी हवाई दलानं ९ मे १९३१ रोजी 'ए-२' हे चामडी जॅकेट अधिकृत केलं. बहुतेक जॅकेटं घोड्याच्या कातड्याची. पुढं चेन, मनगटाला आणि कमरेला विणलेल्या लोकरी पट्ट्या, दोन झाकणाचे खिसे. सरकारी माल तो, त्यामुळं सगळी एकसारखी. छातीवर तुकडीचं चिन्ह लावायची रीत होती, पाठ मात्र कोरी. जॅकेट घालणारी मुलं बहुतेक विशीतली. इंग्लंडमधल्या तळांवरून जर्मनीवर बॉम्बफेक करायला जाणाऱ्या 'आठव्या एअर फोर्स'च्या विमानांतून सुरुवातीच्या काळात पंचवीस मोहिमा पूर्ण केल्या की घरी जायला मिळायचं, आणि त्या पंचवीस पुऱ्या होण्याआधीच कित्येकजण गेले.

या मुलांनी कोऱ्या पाठीवर चित्रं काढून घेतली. विमानाच्या नाकाडावर जे चित्र, तेच जॅकेटवर. वर कमानीत विमानाचं नाव, मधे एखादी हसरी तरुणी, नाहीतर डोळा मारणारं कार्टून, आणि खाली ओळीनं छोटे छोटे पिवळे बॉम्ब. एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम, जिवंत परत आल्याची एक खूण. चित्रांचे नमुने कुठून येत, तर 'एस्क्वायर' मासिकात छापून येणाऱ्या जॉर्ज पेटी आणि अल्बर्टो व्हार्गास यांच्या चित्रांतून. 'मेम्फिस बेल' या प्रसिद्ध विमानावरची तरुणी पेटीच्या अशाच एका चित्रावरून उतरवलेली. ती रंगवली टोनी स्टार्सर या कॉर्पोरलनं. बॅसिंगबर्न तळावर त्यानं शंभरावर विमानं रंगवली. तो मोठ्या कीर्तीचा चित्रकार नव्हता. लष्कराचा एक साधा नोकर, हाताशी असलेल्या रंगात आणि ब्रशात सोबत्यांची विमानं सजवणारा. या कलेचे खरे कर्ते असेच होते. तळावरचा जो कोणी बरी रेघ ओढू शके, त्याच्यापुढं रांग लागे.

पाठीवरचं चित्र कुणाच्या अंगाशी येऊ शकतं, याचाही एक दाखला आहे. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी ब्रेमेनवरच्या हल्ल्यात केनेथ विल्यम्स या अमेरिकी अधिकाऱ्याचं विमान पडलं आणि तो जर्मनांच्या हाती लागला. त्याच्या जॅकेटच्या पाठीवर विमानाचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, 'मर्डर इन्कॉर्पोरेटेड'. अमेरिकेतल्या भाडोत्री खुन्यांच्या टोळीचं ते नाव. जर्मन प्रचारखात्याला याहून चांगला पुरावा कुठं मिळणार होता? अमेरिकी वैमानिक म्हणजे खुनी, हे त्यांच्याच पाठीवर लिहिलंय, असं सांगत वर्तमानपत्रांत तो फोटो छापला गेला. तरुणांनी मृत्यूला चिडवायला लिहिलेली अक्षरं शत्रूनं अक्षरशः वाचली.

हे सगळं युरोपातलं. पण याच युद्धात भारतही मोठा हवाई तळ होता. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी 'दहाव्या एअर फोर्स'चं मुख्यालय दिल्लीत होतं, आणि आसामातल्या चबुआ, दिनजानसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालयाची धार ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला सामान जात होतं. या वैमानिकांच्या जॅकेटवर पाठीला कापडाचा एक तुकडा शिवलेला असे. त्यावर चीनचा झेंडा आणि चिनी मजकूर. हा परदेशी माणूस तुमच्या मदतीला आला आहे, याला वाचवा, अशा अर्थाचा. विमान डोंगरात पडलं तर पाठीवरचा हा तुकडाच तारणार. तुकड्यांची चिन्हं मात्र बऱ्याचदा भारतातच बनत. चामड्याचे तुकडे कातरून, त्यावर ठसा उठवून, हातानं रंग भरून इथल्या कारागिरांनी केलेली बोधचिन्हं आज जगभरचे संग्राहक मोठ्या हौसेनं जमवतात. अमेरिकी जॅकेटच्या छातीवर भारतीय हातानं रंगवलेलं चामडं, हा या कथेतला फार कमी सांगितला जाणारा भाग आहे.

चामडं रंगवणं या मुलखाला मुळीच नवीन नव्हतं. कोल्हापूरहून घाट उतरून कुडाळकडं गेलं की पिंगुळी हे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजानं चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान् पिढ्या जपला. ताणून पातळ केलेल्या कातड्यातून राम, रावण, मारुती कातरायचे, दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडायची आणि मग रंग भरायचा. पडद्यामागं दिवा आणि पुढं रामायण. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पिंगुळीचं नाव देशभर पोचलं. बाहुलीचं चामडं आणि वैमानिकाचं चामडं यांचे प्रश्न मात्र अगदी उलटे आहेत. बाहुलीतून उजेड आरपार जायला हवा, म्हणून रंग पातळ, कातड्यात मुरणारा. जॅकेटचं कातडं गडद तपकिरी, त्यावर कुठलाही रंग टाका, तो बुडून जातो. म्हणून आधी पांढऱ्याचं अस्तर आणि त्यावर दाट, झाकणारा रंग. युद्धाच्या काळात हाताशी असे तो तेलरंग किंवा एनॅमल. तो सुकला की कडक होतो, आणि कातडं तर रोज वाकतं, ताणतं, घामेजतं. खांद्याच्या हाडावर आणि पाठीच्या मध्यावर भेगा पडायला फार दिवस लागत नसत. आज जुन्या धाटणीची जॅकेटं नव्यानं रंगवणारे कलाकार लवचीक ॲक्रिलिक वापरतात. आधी स्पिरिटनं कातड्यावरची चकाकी पुसतात, पातळ पातळ थर देतात, आणि शेवटी बारीक पॉलिश पेपरनं तेच चित्र हलक्या हातानं घासून जुनं करतात. म्हणजे जी भेग त्या काळच्या पेंटरला चुकवता येत नव्हती, ती आता मुद्दाम आणावी लागते.

आता कोल्हापूर. या शहराची चामड्याची कीर्ती चपलेमुळं. पण कोल्हापुरी चपलेवर कुणी चित्र काढत नाही. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, त्याचा स्वतःचा मधासारखा रंग, चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, वेणी, कान आणि अंगठ्यापाशी लाल गोंडा. नटवायचं ते कातरून, विणून, ठोकून. ब्रश तिथं शिरलाच नाही. २०१९ मध्ये या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं ही बिनरंगी कारागिरीच आहे. कोल्हापूरचा ब्रश वळला दुसरीकडं. नाटकाच्या पडद्याकडं.

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ मेस्त्री घराण्यातले, म्हणजे लाकूड, लोखंड, हत्यारं यांत वाढलेले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. राजवाडा, रस्ता, अरण्य, असे खोलीचा भास देणारे भव्य पडदे. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच त्यांचं आडनाव झालं. आनंदरावांना सिनेमाचं वेड लागलं होतं; १९१६ मध्ये ते अकाली गेले. बाबूरावांनी काम थांबवलं नाही. १९१८ पर्यंत त्यांनी आपल्या माणसांच्या मदतीनं कॅमेरा घरीच घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये लोकांपुढं आला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

इथं महत्त्वाचं हे, की सिनेमा काढणाऱ्या या माणसानं जाहिरात हलकी मानली नाही. चित्रपटांची पोस्टरं तो स्वतः रंगवत असे. त्याच्या हातचं 'कल्याण खजिना'चं १९२४ सालचं पोस्टर आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भारतीय चित्रपट पोस्टर मानलं जातं. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल याच तालमीत घडले. पुढं १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' सुरू करणाऱ्यांत दोघं होते आणि 'संत तुकाराम'चं दिग्दर्शनही त्यांचंच. पडदा, पोस्टर, सेट, कॅमेरा, मूर्ती यांच्यामध्ये त्या पिढीनं भिंती घातल्या नव्हत्या. कामाला उपयोगी पडणारं चित्र हे कमअस्सल चित्र, ही समजूत कोल्हापुरात रुजली नाही. हे या गावाचं मोठं देणं आहे. हमरस्त्यावरच्या पेंटरपर्यंत ते झिरपत आलं.

मधला दुवा पाहायचा तर जी. कांबळे यांच्याकडं पाहावं. १९१८ मध्ये जन्मलेले हे कोल्हापूरचे चित्रकार सिनेमाच्या बॅनरवर मोठे झाले. व्ही. शांताराम यांच्या 'राजकमल'साठी त्यांनी काम केलं. १९६० मध्ये 'मुघल-ए-आझम' मुंबईच्या मराठा मंदिरात लागला तेव्हा त्याची अवाढव्य बॅनरं कांबळे यांनी रंगवली. या कामासाठी दिग्दर्शक के. आसिफ यांनी विन्सर अँड न्यूटनच्या रंगांचा मिळेल तेवढा साठा विकत घेतला, असं सांगितलं जातं. बॅनरचं आयुष्य किती, तर सिनेमा उतरेपर्यंत. पाऊस-उन्हात फाटून जाणाऱ्या कापडावर एवढी जीव ओतून केलेली कामं. आणि याच हातानं काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र महाराष्ट्र सरकारनं अधिकृत म्हणून स्वीकारलं, ते सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर गेलं. रस्त्यावरची कला आणि भिंतीवरची कला एकाच माणसाकडून. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनीही मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवूनच सुरुवात केली, हे सर्वश्रुत आहे.

ट्रकपर्यंत ही कला आली त्याला एक अगदी व्यावहारिक कारण घडलं. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोनं डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तिथून पुढं कित्येक दशकं भारतात ट्रक विकत घेणं म्हणजे चासी विकत घेणं. इंजिन, चाकं, सांगाडा आणि पुढचा पत्र्याचा तोंडवळा एवढंच कारखान्यातून यायचं. केबिन आणि हौदा मालकानं आपल्या गावच्या बॉडीबिल्डरकडून बांधून घ्यायचा. सुतारानं लाकडी फळ्या बसवायच्या, लोहारानं पट्ट्या मारायच्या आणि पेंटरनं शेवटचा हात फिरवायचा. कारखान्यानं गाडीला अंगच दिलेलं नसे, ते गावात मिळे. म्हणून पंजाबचा ट्रक पंजाबी दिसे, केरळचा केरळी आणि कोल्हापूरचा कोल्हापुरी.

सरकारी जॅकेटची कोरी पाठ आणि कारखान्यातून आलेली उघडी चासी या दोन्हींत एकच गोष्ट घडली. हजारो नगांसारखा एक नग माणसाच्या हाती आला, त्याच्यावर त्याला आपला जीव सोपवायचा होता, आणि त्यानं त्याच्यावर आपलं नाव, आपला देव, आपलं माणूस लिहून घेतलं. ट्रकच्या कपाळावर 'आई अंबाबाई प्रसन्न' नाहीतर 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं'. दाराला मुलांची नावं. फाळक्यावर गाय-वासरू, गरुड, कमळ, घोड्यावरचे शिवाजी महाराज, आणि खाली आईवडिलांचा आशीर्वाद. मागं खाली लोंबणारी काळी बाहुली किंवा झिजलेली चप्पल, दृष्ट लागू नये म्हणून. खंडेनवमीला गाडीची पूजा होते, तेव्हा हार पडतो तो याच रंगवलेल्या कपाळावर. घाटातल्या वळणावर, रात्रीच्या झोपेच्या डुलकीत, ब्रेक न लागलेल्या उतारावर ज्याचं आयुष्य पणाला लागलेलं असतं, त्याला ही चित्रं शोभेची वाटत नाहीत. विमानातल्या मुलालाही ती शोभेची वाटत नव्हती.

चित्रांचे नमुने छापील जगातून आले, हेही दोन्हीकडं सारखंच. वैमानिकांनी मासिकातली पानं पेंटरपुढं ठेवली, तर ट्रकमालकांनी कॅलेंडरं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून देवादिकांच्या तसबिरी घरोघर पोचल्या. पुढं रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांनी आणि मासिकांच्या मुखपृष्ठांनी मराठी घरात देवांना चेहरे दिले. हौद्याजवळ शिडीवर बसलेला पेंटर समोर असंच एखादं कॅलेंडर अडकवून ठेवी आणि त्यावर चौकटी आखून ते फाळक्याच्या मापाला वाढवी. नक्कल म्हणून त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण तीन फुटी फाळक्यावर, फळ्यांच्या जोडाची खाच नेमकी देवीच्या नाकावर येत असताना, ते नाक सरळ दिसेल असं रंगवणं ही नक्कल नव्हे. कापडाच्या सुरकुत्या आणि पडद्याच्या घड्या सांभाळून राजवाडा उभा करणाऱ्या बाबूरावांच्या गावात हे कसब ओळखलं जात होतं, म्हणून चांगल्या पेंटरकडं लांबलांबून गाड्या येत.

पुणे-बंगळूरु महामार्गावर हे दृश्य रोज सरकत जाई. त्याला एकदा थांबून पाहायची पाळी वाईट प्रसंगानं आणली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि रस्ता अनेक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागल्या. गावोगावच्या लोकांनी, तरुण मंडळांनी अडकलेल्या ड्रायव्हर-क्लीनरना जेवण, पाणी पोचवलं. त्या रांगांत देशभरच्या पाठी एकामागं एक उभ्या होत्या, आणि ज्यांच्या नजरेला हे दिसतं त्यांना तेव्हाच कळलं असेल, की रंगवलेल्या पाठी किती विरळ झाल्या आहेत.

विरळ का झाल्या, याचं उत्तर लोक झटकन देतात: रेडियम आलं. ते खरंही आहे. संगणकावर अक्षर निवडायचं, यंत्रानं चिकट कागद कातरायचा, अर्ध्या तासात दोन्ही दारांवर नाव. पेंटरला त्याच कामाला दिवस लागायचा आणि रंग सुकायला आणखी एक. दुकानांच्या पाट्या आणि चौकाचौकातली बॅनरं फ्लेक्सनं आधीच नेली होती. बॅनर पेंटरांची एक अख्खी पिढी कोल्हापुरात दहा-पंधरा वर्षांत बेकार झाली. काहींनी मंडळांचे गणपती रंगवायला घेतले, काहींनी मुलांना चित्रकला शिकवायला, काहींनी ब्रश ठेवूनच दिला.

पण रेडियम हे सगळं कारण नव्हे. नियमांनीही या कलेची जागा हळूहळू आवळत नेली. १९७५ मध्ये नॅशनल परमिटची योजना आली आणि तिच्याबरोबर रंगाचे नियम. परमिटच्या गाडीचा हौदा तपकिरी, त्याला पांढरा पट्टा आणि बाजूला गोलात 'नॅशनल परमिट'. ३० एप्रिल २०१५ च्या आदेशानं महाराष्ट्रात व्यापारी वाहनांवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्याला बंदी आली. हॉर्न वाजवायला या अक्षरांनी उत्तेजन मिळतं, असं कारण देण्यात आलं. मागच्या बाजूला परावर्तक पट्ट्या सक्तीच्या झाल्या. रात्री उभ्या ट्रकवर मागून आदळून माणसं मरतात, तेव्हा पट्टी हवीच, याबद्दल वाद असू नये. ट्रकच्या बांधणीलाही ठरीव संहिता लागू झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीचं झालं. ड्रायव्हरच्या अंगाला भट्टीसारखी झळ बसते ती कमी होईल, हे चांगलंच झालं. मात्र या सगळ्याचा एकत्र परिणाम असा, की ट्रक आता अंग घेऊनच जन्माला येतो. केबिन कंपनीचं, बहुतेकदा हौदाही कंपनीचा, त्यावर कंपनीचा रंग आणि कंपनीचंच नाव. पाठ कोरी येतच नाही. मालकही बदलले. एकेकाळी गाडी ड्रायव्हरचीच असे, नाहीतर त्याच्या भावाची. आता शंभर गाड्या असलेल्या वाहतूक कंपनीला आईवडिलांचा आशीर्वाद लिहायचं कारण नसतं.

वैमानिकांच्या जॅकेटचंही असंच झालं होतं. चित्रं कुणी बंद पाडली नाहीत. वरिष्ठ अधिकारी अधूनमधून अक्षरांवरून आणि नागड्या तरुणींवरून कुरकुरत, एवढंच. १९४३ मध्ये ए-२ च्या नव्या मागण्या थांबल्या, कापडी जॅकेटं आली, आणि चित्र धरून राहील असं कातडंच हाती येईनासं झालं. जुनी जॅकेटं जपून वापरणारे वापरत राहिले. युद्ध संपल्यावर ती घरोघरच्या कपाटांत गेली, तिथून लिलावांत आणि संग्रहालयांत. ज्यांना युद्ध पाहायची वेळ आली नाही त्यांनी मग नवी कातडी जॅकेटं घेऊन त्यावर जुनी चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. आज ही हौस बुलेटवाल्या तरुणांत कोल्हापुरातही दिसते. टाकीवर वाघ, हेल्मेटवर कवटी, जॅकेटच्या पाठीवर महाराजांची राजमुद्रा. गाडीच्या टाकीवर एनॅमल मारणाऱ्या हाताला चामडं नवं वाटतं, पण फार काळ नाही. अस्तर द्यायचं, गडदाकडून फिकटाकडं यायचं, डोळा शेवटी. रीत तीच. फक्त रंग असा हवा, जो पाठ वाकली तरी तडकणार नाही.

शिरोलीच्या आसपास मात्र हातच्या रंगाला खरा आधार आज ट्रकपेक्षा उसाच्या ट्रॉलीचा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांना गळीत हंगामात ऊस पोचवणाऱ्या जोडट्रॉल्या अजून मोठ्या प्रमाणात गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बनतात. लोखंडी चौकट, पत्रा, धुरा, सगळं स्थानिक. ट्रॉली वर्कशॉपमधून बाहेर पडते ती अस्तराच्या लाल रंगात, अंगावर एक अक्षर नसताना. मालक शेतकरी असतो किंवा कर्ज काढून वाहतुकीत उतरलेला गावचा पोरगा. ही ट्रॉली त्याची असते, हप्ते त्याचे असतात, आणि रात्री दोनला कारखान्याच्या यार्डात नंबराची वाट बघत बसणाराही तोच असतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या आगेमागे, तो ती पेंटरकडं आणतो. मग पुढच्या पट्टीवर देवाचं नाव, बाजूला गावाचं, मागं बैलजोडी किंवा वाघ, आणि मोकळी जागा उरली तर 'नाद खुळा'. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मुलीचं नाव येतं, ते पिवळ्यात आणि काळ्या सावलीत. त्या अक्षरांचे दर पेंटर अजूनही अक्षरामागं सांगतो आणि चित्राचे वेगळे.